मेंदूच्या शस्त्रक्रियेतील भूल : रक्तदाब व नाडीचे नियमन

शिर, हृदय व बस्ती ही तीन प्रधान मर्मे चरकसंहितेत सांगितली आहेत. मेंदूच्या शस्त्रक्रियेत यांपैकी पहिल्या दोहोंचा परस्परसंबंध क्षणोक्षणी सांभाळावा लागतो. मोलगीसारख्या सातपुड्यातील गावी अशी शस्त्रक्रिया होत नाही. डोक्यास मार लागलेला रुग्ण घाट उतरून अक्कलकुवा, नंदुरबार व प्रसंगी त्याहीपुढे न्यावा लागतो. परंतु त्यास प्रथम पाहणारा अनेकदा आपलाच वैद्यबंधू असतो. म्हणून हा विषय आपल्या परिचयाचा असावा.

मूलतत्त्व

कवटी कठीण असल्याने आतील मेंदू, रक्त व मस्तिष्कजल यांपैकी एक वाढले की इतरांना जागा उरत नाही व आतील दाब वाढतो. मेंदूस रक्त पोहोचविणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतील दाब. रक्तदाब १२०/८० असता सरासरी सुमारे ९३ येते. कवटीतील दाब १० धरल्यास ८३ उरतात. आघातानंतर कवटीतील दाब ३० झाला आणि रक्तदाब ९०/६० वर घसरला, तर केवळ ४० उरतात. गंभीर आघातात हा आकडा ६० ते ७० राखणे अपेक्षित असते.

निरोगी मेंदू रक्तदाबातील चढउतार स्वतः सावरतो. आघात झालेल्या भागात हे सामर्थ्य नष्ट होऊ शकते. जुन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णात सावरण्याची मर्यादा वर सरकलेली असते. अशा रुग्णास इतरांचा प्राकृत दाबही अपुरा पडू शकतो.

शस्त्रक्रियागृहात

श्वासनलिकेत नळी घालताना, कवटीस खिळे लावताना व त्वचा छेदताना रक्तदाब आणि नाडी एकदम उसळतात. त्यामुळे सूज वाढण्याची वा रक्तवाहिनीचा फुगा फुटण्याची भीती असते. याकरिता आधीच फेंटानिल, लिडोकेन, एस्मोलॉल यांसारखी औषधे देतात अथवा टाळूच्या नसा बधिर करतात. पुढे मेंदूच्या पेशीजालास वेदना नसल्याने, भूल तेवढीच राहिल्यास दाब उतरू लागतो. तेव्हा भूल हलकी करणे, योग्य सलाईन देणे व फेनिलेफ्रिन किंवा नॉरॲड्रेनॅलिन वापरणे हे उपाय असतात. शुद्धीवर येताना खोकल्याने दाब वाढून नवा रक्तस्राव होऊ नये, याचीही दक्षता घेतात.

मनगटाच्या धमनीतून दाब सतत मोजतात व मापकाची पातळी कानाशी ठेवतात. डोके हृदयापेक्षा १३ सेंटिमीटर उंच असल्यास मेंदूशी दाब सुमारे १० ने कमी असतो.

नाडी अचानक मंदावल्यास, पाचव्या मस्तिष्क नाडीस ताण बसला असावा हे ओळखून शल्यचिकित्सक प्रथम हात थांबवितो. गरज पडल्यास अॅट्रोपीन देतात.

आपली औषधे

मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये तिच्यातील रिसर्पिन वेगळे करण्यात आले. हे द्रव्य चेतातंतूंच्या टोकांतील नॉरॲड्रेनॅलिनचा साठा रिकामा करते. म्हणून सर्पगंधा घेणाऱ्या रुग्णात भुलेखाली दाब व नाडी घसरू शकतात, आणि त्याच साठ्यावर विसंबणारे इफेड्रिन अपुरे पडते. सोमलतेतील इफेड्रिन उलट दाब व नाडी वाढविते. यष्टिमधु अधिक काळ घेतल्यास पोटॅशियम घटून दाब वाढतो व हृदयाची लय बिघडू शकते. लसणाच्या अर्काने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते.

आपले कर्तव्य

डोक्यास मार लागलेल्या रुग्णात दाब वाढलेला, नाडी मंद व श्वास अनियमित आढळल्यास तो कवटीतील वाढत्या दाबाचा इशारा समजावा. शरीर मेंदूस रक्त पोहोचविण्यासाठी झटत असते. अशा वेळी दाब उतरविणारे वा झोप आणणारे औषध देऊ नये. श्वासमार्ग मोकळा ठेवावा, प्राणवायू द्यावा, मान स्थिर ठेवावी, बाह्य रक्तस्राव दाबून थांबवावा आणि विनाविलंब पुढे पाठवावे.

सोबतच्या चिठ्ठीत वेळेसह रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था व चालू औषधे लिहावीत. आपल्या भागात सिकलसेल आढळत असल्याने त्याचीही नोंद करावी. औषधालयचालकांनी संयुक्त कल्पांतील घटकद्रव्ये रुग्णाच्या कागदावर स्पष्ट नोंदवावीत. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबविण्याचा सल्ला दिला जातो. परंतु रक्तदाबाचे औषध परस्पर बंद न करता भूलतज्ज्ञांशी विचारविनिमय करावा. तातडीच्या प्रसंगी औषध थांबविण्यास अवधीच नसतो. तेथे चिठ्ठीतील एक ओळ भूलतज्ज्ञास योग्य औषध निवडण्यास साहाय्यभूत ठरते.