नवी बंदूक की जुना सराव?

श्रोतेहो, 2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी रायफलच्या नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. ती नेमबाजी आपण ऐकून आहोत. लक्ष्य जागेवर स्थिर, गोळी एकच आणि श्वास रोखून धरलेला नेम. आज मी सांगणार आहे ते तिच्या भावंडाविषयी. इथे लक्ष्य उडते असते आणि बंदूक छर्ऱ्यांची असते. या खेळात माणसाला एक मोह हटकून गाठतो. तो म्हणजे आणखी एक बंदूक घेण्याचा.

आधी खेळ समजून घेऊ. पूर्वी युरोप-अमेरिकेत खरी कबुतरे सोडून त्यांवर बार टाकत. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येसुद्धा तसे झाले. कुठे कुठे काचेचे गोळे उडवीत. 1880 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉव्स्की यांनी मातीच्या चकतीचे पेटंट घेतले आणि कबुतरांची सुटका होऊ लागली. आज ही चकती चुनखडीची पूड आणि डांबरासारखा पदार्थ यांची करतात, पण नाव मातीचेच राहिले. रुंदी 110 मिलिमीटर, वजन सुमारे 105 ग्रॅम. यंत्र ती बशीसारखी भिरकावते आणि नेमबाज ती हवेतच फोडतो. भारताला हा खेळ परका नाही. बिकानेरचे महाराजा करणी सिंह यांनी 1962 साली कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. 2004 साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये राज्यवर्धन सिंह राठोड यांनी याच खेळाच्या एका प्रकारात रौप्यपदक आणले.

आता मोह येतो कुठून ते पाहा. या खेळाचे प्रकार अनेक. ट्रॅपमध्ये चकती समोरून दूर पळत वर चढते. स्कीटमध्ये ती डावी-उजवीकडच्या दोन घरांतून जवळून आडवी जाते. तिसऱ्या एका प्रकारात रानातून फिरावे तसे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन नेम धरायचा. दुकानदार म्हणतो, ट्रॅपला लांब नळीची आणि जरा वर मारणारी बंदूक हवी. स्कीटला चटकन फिरणारी हवी. रानातल्या खेळाला आणखी निराळी. यात खोटे काही नाही, आणि म्हणूनच मोह अवघड. निव्वळ खोटे असते तर माणूस फसला नसता.

समजा, एकाचे 25 पैकी 17 नेम लागतात. तो नवी बंदूक आणतो आणि पहिल्या आठवड्यात 20 लागतात. गडी खूश! पण वाढ झाली कशाने? नवी वस्तू हाती आली की माणूस जपून वागतो. दस्ता नीट खांद्याला लावतो, चकतीकडे मन लावून पाहतो. नवा बैल आणल्यावर पहिले चार दिवस आपण त्याच्या वैरणीकडे जसे लक्ष देतो, तसेच हे. महिन्याभराने नवेपण सरते, आकडा पुन्हा 17 वर येतो आणि दोष बंदुकीवर जातो. मग तिसरीचा शोध सुरू.

गुरुजी, इथे आपल्या वर्गाला उपयोगी पडेल असे एक त्रैराशिक आहे. छर्ऱ्यांच्या बंदुकीला मागचा माशा नसतो. त्याचे काम नेमबाजाचा डोळाच करतो. डोळ्यापासून नळीच्या टोकावरचा मणी साधारण 1 मीटरवर असतो असे धरा. गाल दस्त्यावर नीट टेकला नाही आणि डोळा अर्धा सेंटिमीटर सरकला, तर 30 मीटरवर चूक किती? तीसपट, म्हणजे 15 सेंटिमीटर. चकतीची रुंदी 11 सेंटिमीटर, हे ध्यानात ठेवा. दुसरी गोष्ट अशी की छर्ऱ्यांना 30 मीटर जायला सुमारे सेकंदाचा दहावा भाग लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी चकती दीड-दोन मीटर पुढे निघून जाते. म्हणून बार चकतीवर नव्हे, चकतीच्या पुढे टाकायचा. किती पुढे, हे मोजायला वेळ नसतो. ते हातालाच कळावे लागते.

हाताला कळते ते एकाच वजनाची, एकाच दस्त्याची बंदूक हजारो वेळा खांद्याला लावून. बंदूक बदलली की वजन, तोल आणि दस्त्याची उंची बदलते, आणि हात शिकलेले विसरतो. दर वर्षी नांगर बदलणाऱ्याची तास कधी सरळ येत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या जुन्या नेमबाजांत म्हणतात की, ज्याच्यापाशी एकच बंदूक आहे, त्याच्याशी गाठ पडली तर जपून राहा.

मग दुसरी बंदूक कधीच घेऊ नये काय? तसे नाही. पोर वाढले आणि दस्ता आखूड पडू लागला, अंगाला जड बंदूक झेपेनाशी झाली, किंवा मोठ्या स्पर्धेत ऐन वेळी मोडतोड झाली तर हाताशी जोड असावी म्हणून, ही कारणे खरी आहेत. पण पुष्कळदा उपाय घरातच असतो. दस्ता तासून किंवा जोड देऊन अंगाला बसवता येतो. नळीच्या तोंडाच्या आवळपणाला चोक म्हणतात. छर्रे लांबवर एकत्र राहावेत की जवळच पसरावेत, हे त्यावर ठरते. पुष्कळ नव्या बंदुकांत चोकाची नळकांडी फिरवून बदलता येतात. एकच बंदूक दोन-तीन प्रकारांना चालते ती अशी.

कायदाही पाहावा. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली आणि सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुकांची मर्यादा आली. खेळाडूंना वेगळ्या सवलती आहेत. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी संख्येला मर्यादा नाही, म्हणून तिथे हा मोह जास्त फोफावतो. पण बंदूक म्हणजे छत्री नव्हे. घरात आलेली प्रत्येक बंदूक कुलुपात ठेवावी लागते, काडतुसे निराळी ठेवावी लागतात, चोरापासून आणि लेकरांपासून जपावी लागते. पाचवी बंदूक ही पाचवी राखण आहे, हे घरच्या माणसांना विचारले की कळते.

म्हणून ज्याला हा मोह होईल त्याने एक वही करावी. कोणती चकती चुकली, ती डावीकडची की उजवीकडची, बार मागे पडला की खाली गेला, हे दोन महिने लिहावे. नेम सारखे एकाच बाजूला चुकत असतील, तर दस्ता दाखवून घ्यावा. चुका चारही दिशांना पसरल्या असतील, तर दोष बंदुकीत नाही, सरावात आहे. आणि नव्या बंदुकीच्या पैशात किती काडतुसे आणि उस्तादाचे किती दिवस आले असते, तेही त्याच वहीत मांडावे.

श्रोतेहो, आपल्यापैकी फार थोड्यांच्या हाती ही बंदूक येईल. पण पीक कमी आले की नवे अवजार आणि अक्षर बिघडले की नवे पेन, हा मोह आपल्या ओळखीचा आहे. नवे जरूर घ्यावे. फक्त घेण्याआधी वही उघडून पाहावी, एवढेच माझे सांगणे. नमस्कार.