जुना फोन, एक पडदा आणि ‘चोर’मधला ‘च’

गेल्या पालक सभेत एका पालकांनी विचारले, की शहरातील इतर शाळांत भिंतभर पडदे लागले, आपल्या शाळेत ते केव्हा लागणार? त्याच सभेत दुसऱ्या पालकांची तक्रार अगदी उलट होती. घरी मुलांच्या हातून फोन सुटत नाही, निदान शाळेत तरी तो नको! दोन्ही म्हणणी रास्त आहेत. विश्वस्त मंडळानेही याविषयी टिपण मागितले आहे. म्हणून मराठीच्या तासाला आम्ही काय करून पाहिले, ते येथे सांगत आहोत.

आपली मुले बडोद्याची. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, दूरदर्शनवर हिंदी. त्यांचे मराठी वाचन ऐकताना एक गोष्ट वारंवार जाणवे. ‘चोर’, ‘चूल’, ‘चाक’ हे शब्द ती ‘चहा’तल्या ‘च’ने वाचत. मराठीत ‘च’चे उच्चार दोन. ‘चहा’, ‘चंद्र’, ‘चिमणी’ यांत जीभ टाळूला लागते. ‘चोर’, ‘चूल’ यांत ती दातांमागे जाते. ‘जेवण’ आणि ‘जावई’ यांतही तोच फरक. लिपीत मात्र अक्षर एकच, त्यामुळे फळ्यावर कितीही लिहिले तरी हा भेद दिसत नाही. प्रमाण गुजरातीत तो नाहीच, मग मुलांच्या कानाला तो कळणार कसा?

येथे जुना फोन उपयोगी पडला. सिमकार्ड काढून टाकलेला, इंटरनेट बंद केलेला, केवळ ध्वनिमुद्रणापुरता. प्रत्येक मुलाने ठरलेला उतारा एक मिनिट वाचायचा आणि लगेच स्वतः ऐकायचा. आम्ही मध्ये बोलत नाही. पहिल्यांदा मुले हसतात, लाजतात, ‘हा माझा आवाज नाही’ म्हणतात. नंतर त्यांना शिक्षकांचे वाचन ऐकवतो आणि पुन्हा त्यांचे. पाचवीतली एक मुलगी तिसऱ्या खेपेस आपणच म्हणाली, “बाई, माझा चोर चहा पितोय.” तिच्या उच्चाराची चूक आम्ही वर्षभर सांगत होतो, तिला ती स्वतःच्या कानाने कळली.

शिक्षक बंधुभगिनींसाठी काही सूचना. पंखा बंद ठेवावा. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवावा, म्हणजे बाकाची खडखड येत नाही. वर्गात जमत नसेल तर ग्रंथालयाचा कोपरा बरा. साध्या प्रतीचे एक मिनिटाचे मुद्रण साधारण १ एमबी जागा घेते. चाळीस मुलांचे दहा महिन्यांचे वाचन चारशे एमबीत, म्हणजे लहानशा पेनड्राइव्हवर, सहज मावते. फाइलला हजेरी क्रमांक व महिना एवढेच नाव द्यावे. जूनचे वाचन फेब्रुवारीत ऐकवले, तर पालकांना प्रगतिपुस्तकापेक्षा अधिक कळते. मुलांचा आवाज ही त्यांची खासगी गोष्ट आहे. म्हणून मुद्रणे शाळेबाहेर जात नाहीत आणि वर्षअखेर पालकांच्या हाती देऊन पुसली जातात.

आता पडदा. आपला प्रोजेक्टर देणगीतून आला आणि दोन वर्षे कपाटात राहिला, हे कबूल केले पाहिजे. पाठ्यपुस्तकातली चित्रेच भिंतीवर दाखवायची, तर तासातली दहा मिनिटे जोडाजोडीत का घालवावी? सध्या त्याचा एकच उपयोग आम्ही करतो. मुलाच्या वहीतील एका परिच्छेदाचे छायाचित्र काढायचे, नाव झाकायचे, तारेने संगणकावर घ्यायचे आणि सर्वांनी मिळून तपासायचे. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. आपली मुले मराठी लिहितानाही ती विसरतात. आपलीच ओळ भिंतीवर हातभर मोठी दिसली, की न सांगता लक्षात येते. परवानगीशिवाय कोणाची वही दाखवत नाही.

टंकलेखनाचा विषय जरा सविस्तर सांगावासा वाटतो. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी सोय मुलांना आवडते, पण तेथे शुद्धलेखन फोनच करतो. ‘ल’ की ‘ळ’ हे मुलाला ठरवावेच लागत नाही. म्हणून संगणक कक्षात आम्ही इनस्क्रिप्ट कळपट शिकवतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या मानकात तो आहे, विंडोज व लिनक्समध्ये तयार मिळतो, वेगळा खर्च नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. शिवाय भारतीय लिप्यांना जागा त्याच, म्हणजे मराठीचा ‘क’ जेथे तेथेच गुजरातीचा. एका श्रमात दोन भाषा येतात, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

या कळपटावर ‘र’ जेथे आहे, तेथेच शिफ्ट दाबल्यावर ‘ऱ’ मिळतो. ‘आचार्यास बोलावले’ म्हटले तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यास बोलावले’ म्हटले तर स्वयंपाकी! वहीत हा फरक घाईघाईत पुसट होतो. कळपटावर मात्र दोन वेगळ्या कळा दाबाव्या लागतात. सातवीच्या वर्गाने हे उदाहरण आठवडाभर पुरवले.

जाता जाता युनिकोडविषयी. या वार्तापत्राचे काही जुने अंक नव्या संगणकावर उघडले, तर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. जुने फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवत. फॉन्ट गेला की मजकूरही गेला. ते अंक आता मुले छापील प्रतींवरून युनिकोडमध्ये पुन्हा टंकत आहेत.

दिवाळीच्या सुटीत सहावी-सातवीला एक काम दिले आहे. घरातील आजी-आजोबांशी तीन मिनिटे बोलून मुद्रण करायचे आणि ते ऐकून इनस्क्रिप्टवर लिहायचे. गेल्या वर्षी एका मुलाने ‘फडताळ’ आणि ‘उतरंड’ या शब्दांशी अडून मुद्रण चार वेळा ऐकले, मग आजीलाच फोन केला. उतरंड म्हणजे काय ते सांगता येईना, तेव्हा तिने स्वयंपाकघरातले डबे एकावर एक रचून दाखवले म्हणे.

भिंतभर पडद्याची मागणी आम्ही तूर्त केलेली नाही. टिपणात चार जुने चालू फोन, कानाला लावायचे आठ संच आणि देवनागरी अक्षरे छापलेले दहा कळपट मागितले आहेत. ज्या पालकांकडे वापरात नसलेला फोन असेल, त्यांनी त्यातील खासगी माहिती पुसून, चार्जरसह कार्यालयात द्यावा.