औंढ्याची वेधशाळा : अणूहूनही सूक्ष्म मोजमाप

नागपूरच्या शिक्षकांना शून्य मैलाचा दगड नवा नाही. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती खूण होय. त्या सर्वेक्षणातील युक्ती दहावीच्या विद्यार्थ्यालाही कळते. दूरच्या शिखरापर्यंत साखळी न्यावी लागत नाही. दोन ठिकाणांहून त्याचे कोन मोजले, की त्याची जागा नकाशावर निश्चित होते. एकाच ठिकाणाहून हे साधत नाही. याच युक्तीच्या जवळची एक युक्ती आता आकाशासाठी वापरायची आहे, आणि त्यासाठी लागणारे एक ठाणे विदर्भाच्या वेशीवर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारले जायचे आहे. त्याचे नाव लायगो-इंडिया.

या वेधशाळेत आकाशाकडे रोखलेली दुर्बीण नसेल. तेथे गुरुत्वीय लहरी टिपल्या जातील. दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती फिरत शेवटी एकरूप होतात, तेव्हा अवकाशालाच ताण बसतो आणि तो ताण लहरींच्या रूपाने प्रकाशाच्या वेगाने सर्वत्र पसरतो. आइन्स्टाइन यांनी १९१६ साली या लहरींचे भाकीत केले. प्रत्यक्ष नोंद व्हायला मात्र १४ सप्टेंबर २०१५ हा दिवस उजाडावा लागला. अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथील दोन लायगो वेधशाळांनी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवरांचे मीलन टिपले.

एवढा उशीर का झाला? ही लहर पृथ्वीवरून गेली, तेव्हा लांबीत पडलेला फरक १० चा उणे एकविसावा घात एवढा होता. म्हणजे पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे अंतर जेमतेम एका अणूच्या व्यासाएवढे बदलावे! लायगोची भुजा ४ किलोमीटर लांबीची. तिच्यात पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या चारशेव्या भागाएवढा होतो.

तो मोजण्याची मांडणी आपल्या ओळखीची आहे. मायकेलसन आणि मोर्ले यांनी १८८७ साली वापरली तीच. लेसरचा एक किरण दुभागून काटकोनातल्या दोन भुजांमध्ये पाठवायचा आणि आरशांवरून परतलेले किरण पुन्हा एकत्र आणायचे. दोन्ही भुजांची लांबी नेमकी जुळलेली असेल, तर व्यतिकरणामुळे ते एकमेकांना जवळजवळ विझवतात. लांबीत किंचित फरक पडला, की उजेड बदलतो. प्रत्येक भुजेत प्रकाश सुमारे ३०० वेळा ये-जा करतो, त्यामुळे ४ किलोमीटरची भुजा १२०० किलोमीटरची असल्यासारखी काम करते.

येथून पुढे भौतिकी एकटी पुरत नाही. रस्त्यावरून जाणारा ट्रक, दूरच्या समुद्राच्या लाटा, आरशातील अणूंची उष्णतेने होणारी थरथर, ही सारी त्या फरकाहून कितीतरी मोठी. म्हणून ४० किलो वजनाचे काचेचे आरसे एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकावर टांगतात; शेवटचा धागाही काचेचाच, अर्धा मिलिमीटरहूनही बारीक. किरणाचा मार्ग निर्वात नळीतून जातो. आत हवेचा दाब बाहेरच्याच्या सुमारे एक लाख-कोटीव्या भागाएवढा. नळी तर सरळच हवी, पण पृथ्वी गोल आहे. ४ किलोमीटरमध्ये जमीन मीटरभराहून अधिक वाकते. ती तूट बांधकामातच भरून काढावी लागते. हे काम कुशल वेल्डर, काच घडवणारे आणि स्थापत्य अभियंते यांचे.

इतके करूनही उरलेल्या गोंगाटात लहरीची खूण दडलेलीच राहते. जत्रेच्या गलक्यातही ओळखीच्या गाण्याची चाल कानाला सापडते, तसेच येथे संगणक करतो. लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि प्रत्येक नमुना नोंदींशी ताडून पाहायचा. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने होते. या पद्धतीचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका संस्थेतील संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९० च्या दशकातील कामाचा मोठा वाटा आहे.

मग औंढ्याला आणखी एक वेधशाळा कशासाठी? याचे उत्तर वर्गातच मिळेल. एका मुलाचे डोळे बांधून त्याला डोके न हलवता उभे करा. बरोबर समोर किंवा बरोबर मागे टाळी वाजवा. दोन्ही कानांना आवाज एकाच वेळी पोचतो आणि मुलाची फसगत होते. दोन वेधशाळांचेही असेच होते. त्यांना लहर पोचण्यातला फरक, २०१५ साली तो सुमारे ७ मिलिसेकंद होता, आकाशात एक कडे दाखवतो, ठिकाण नव्हे. त्या वेळी शोधाचे क्षेत्र सुमारे ६०० चौरस अंश, म्हणजे तीन हजार पूर्णचंद्रांएवढे होते.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी इटलीतील व्हर्गो वेधशाळाही जोडीला होती. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीसाठी शोधाचे क्षेत्र ३० चौरस अंशांच्या आत आले. अकरा तासांच्या आत चिलीतील दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेत तो उजेड गाठला. पुढे नारायणगावजवळच्या जीएमआरटीनेही त्याचे रेडिओवेध घेतले. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, हे त्यातूनच दिसले. जागा सापडली नसती, तर हे कळलेच नसते. भारतातील ठाणे इतर साऱ्यांपासून दूर असल्याने ही अचूकता अनेक पटींनी वाढेल.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता दिली. सुमारे २६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. मधली सात वर्षे गेली. दरम्यान इतर वेधशाळांनी कित्येक मीलने टिपली. त्यांतील पुष्कळांची नेमकी जागा आता कधीच कळणार नाही, कारण लहर एकदाच येते. मंजुरीच्या वेळी २०३० पर्यंत काम पूर्ण करण्याचे उद्दिष्ट सांगितले गेले.

आज आपल्यासमोर बसलेली आठवी-नववीची मुले वेधशाळा सुरू होईल त्या सुमारास पदवीच्या किंवा आयटीआयच्या उंबरठ्यावर असतील. तेथे खगोलशास्त्रज्ञ लागतील, तसेच निर्वात पंप सांभाळणारे, लेसर जुळवणारे आणि आज्ञावली लिहिणारेही लागतील. ही सारी माणसे बाहेरून आणायची की हिंगोली, वाशीम, यवतमाळ, नागपूरच्या शाळांतून घडवायची, हा प्रश्न आपल्या हातातला आहे. प्रयोगवहीत मोजमापाशेजारी त्यातील संभाव्य त्रुटी लिहिण्याची सवय आपण मुलांना लावली, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.