डॉक्टर होणाऱ्या लेकीला परदेशी पाठवताना

शेतकऱ्याच्या घरातून डॉक्टर होणे ही आता नवलाई राहिलेली नाही. मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या भातखाचरांतून निघालेली मुलेमुली ठाण्याजवळच्या कळव्याला, मुंबईला, नाशिकला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना दिसतात. घरच्यांना वाटते, प्रवेश मिळाला, आता चिंता मिटली. आणि मग चौथ्या वर्षाच्या सुमारास लेक घरी येऊन सांगते, "बाबा, महिनाभर परदेशातल्या इस्पितळात काम शिकायला जायचे आहे. याला इलेक्टिव्ह म्हणतात."

घरात दोन मते पडतात. आजी म्हणते, एवढ्या लांब कशाला? बाप मनातल्या मनात गोठ्यातल्या म्हशी आणि सोसायटीचे कर्ज मोजू लागतो. अशा वेळी घाईने 'हो' म्हणू नये आणि घाईने 'नाही'ही म्हणू नये. आधी गोष्ट समजून घ्यावी. ही वाट तुमच्या लेकीच्या आधी आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या एका मुलीने तुडवलेली आहे, आणि तिच्या वाटचालीत आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

कल्याणची यमुना

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात एक मुलगी जन्मली. नाव यमुना. घराणे जमीनजुमला असलेले, पण दिवस उतरणीला लागलेले. नवव्या वर्षी तिचे लग्न टपालखात्यातल्या गोपाळराव जोशींशी झाले. नवरा वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठा. त्यांनी तिचे नाव आनंदी ठेवले आणि तिने शिकलेच पाहिजे असा हट्ट धरला. हा हट्ट कधी कधी कठोरपणाचाही झाला, हेही खरे.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो दहा दिवसच जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर लेकरू वाचले असते, ही टोचणी त्या आईच्या मनात राहिली. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका त्या काळी घरोघर होत्या. आपणच डॉक्टर व्हायचे, हे तिथे ठरले.

पण शिकायचे कुठे? गोपाळरावांनी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आले की तुम्ही धर्म बदलणार असाल तर पाहू. जोशी दांपत्याला ते मान्य नव्हते. मात्र वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला आणि त्यातूनच दार उघडले. १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना तो मजकूर त्यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार वाढला आणि परक्या मुलखात आनंदीबाईंना एक मावशी मिळाली.

१८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालातल्या, आपल्या नगर जिल्ह्यातल्या नव्हे, आनंदीबाईंनी जाहीर सभेत उभे राहून आपण परदेशी का जात आहोत ते सांगितले. हिंदू म्हणूनच जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असेही स्पष्ट केले. त्यानंतर मदतीचे पैसे येऊ लागले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा सोबत नव्हता. वय अठरा.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांनी स्वतः अर्ज लिहिला. स्वजनांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी आले आहे, माझ्या देशातल्या बायकांना खरे औषधोपचार मिळावेत हा माझा हेतू आहे, असे त्यात निर्भीडपणे मांडले. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला. शिक्षणासाठी पैशांची मदतही मिळाली.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. पदवीनंतर प्रत्यक्ष रोग्यांत काम शिकण्यासाठी त्या बॉस्टनच्या स्त्रिया व मुलांच्या इस्पितळात गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. थंडी, न मानवणारे अन्न आणि अंगात मुरलेला क्षय यांनी त्यांना पोखरले होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली स्त्रीकक्षाची नेमणूक हातात होती. ती सुरू करण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

यावरून काही जण म्हणतील, पाहा, परदेशी गेली आणि जिवाला मुकली. असा अर्थ काढू नये. वाट नव्हती तेव्हा ती गेली, हे विसरू नये. आज वाट आहे. आपण फक्त डोळे उघडे ठेवून चालायचे आहे.

आता आपल्या घरापुरते

इलेक्टिव्ह म्हणजे विद्यार्थ्याने आपल्या आवडीच्या विषयात, आवडीच्या ठिकाणी थोडे दिवस शिकणे. आपल्याकडे २०१९ साली लागू झालेल्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात यासाठी दोन महिने ठेवले गेले. पुढे ते एका महिन्यावर, पंधरा पंधरा दिवसांच्या दोन भागांत आले. परदेशी इस्पितळे मात्र बहुधा चार आठवडे सलग मागतात. म्हणून पहिली पायरी परदेशात नाही, आपल्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयात आहे. रजा मिळेल का, हजेरी धरली जाईल का, शिफारसपत्र मिळेल का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत आणि उत्तरे लेखी घ्यावीत. नियम बदलत असतात. मागच्या वर्षीच्या मुलाने सांगितले एवढ्यावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. भाताची रोपे जूनमध्ये हवीत तर बियाण्याची तजवीज आधी करावी लागते, तसेच हे आहे. निदान वर्षभर आधी पत्रे धाडायला सुरुवात करावी. पत्र दोन परिच्छेदांचे असावे. मी कोण, कोणत्या वर्षाला, कोणता विषय, कोणते आठवडे आणि तुमच्याकडेच का यायचे आहे, एवढे पुरे. शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नये. ज्याला लिहायचे त्याचे काम वाचून लिहावे. आनंदीबाईंचे पत्र पोचले ते त्यात स्वतःचा हेतू सरळ सांगितला होता म्हणून. तुमच्या लेकीनेही लिहावे की लावणीच्या दिवसांत आमच्याकडे सर्पदंशाचे रोगी येतात आणि गावाकडून मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत वेळ जातो. तिच्याजवळ सांगण्यासारखे आहे. ते तिने लपवू नये.

तिसरी गोष्ट, तिथे नेमके काय करू देणार ते विचारावे. अमेरिकेत विद्यार्थी असताना देखरेखीखाली रोगी तपासता येतो. पदवी हाती आल्यावर मात्र बहुतेक ठिकाणी नुसते बाजूला उभे राहून पाहायचे असते. ब्रिटनमध्ये पर्यटक-व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते, पण पगार नाही आणि रोग्यावर उपचार करण्याची मुभा नाही. पुढे अमेरिकेत उच्च शिक्षणाला जायचे असेल तर तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे कामी येतात. परत आपल्याच भागात दवाखाना घालायचा असेल, तर एवढा खर्च कशासाठी याचा हिशोब घरात मोकळेपणाने व्हावा.

कागद आणि पैसा

पासपोर्टसाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सेवा केंद्र आहे, फार लांब जावे लागत नाही. अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. सोबत महाविद्यालयाचे पत्र, तिकडच्या इस्पितळाचे बोलावण्याचे पत्र, गुणपत्रिका आणि खर्च कोण करणार याचे पुरावे लागतात. सातबारा दाखवून चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. जमीन आपली पाळेमुळे इथे आहेत हे दाखवते. विमानाचे तिकीट आणि तिथले भाडे मात्र बँकेतल्या पैशातूनच भागते.

खर्चाची यादी कागदावर मांडा. इस्पितळाची फी, व्हिसा, विमान, राहणे, जेवण, आजारपणाचा विमा आणि कामात चूक झाल्यास लागणारा विमा. काही ठिकाणी फी मुळीच नसते, तर काही ठिकाणी हजारो डॉलर मागतात. एका महिन्याच्या शिक्षणासाठी जमीन गहाण टाकू नये, हे आमचे स्पष्ट सांगणे. तेवढी ऐपत नसेल तर पुढे उच्च शिक्षणाच्या वेळी संधी पुन्हा येते. गेलेले शेत मात्र सहसा परत येत नाही.

आणि दलालापासून जपा. "जागा नक्की, आजच पैसे भरा" असे म्हणणाऱ्याला आधी विचारा, इस्पितळाचे नाव काय? मग लेकीने त्या इस्पितळाला स्वतः पत्र घालून खात्री करावी. खरी जागा असेल तर चार दिवस थांबल्याने ती पळून जात नाही.

तब्येत आधी

परदेशी इस्पितळे आज विद्यार्थ्याकडून गोवर, कांजिण्या, काविळीच्या लशींचे दाखले मागतात आणि क्षयाची तपासणीही करून घेतात. घरच्यांना हा छळ वाटतो. पण आनंदीबाईंच्या काळी अशी तपासणी आणि आजची औषधे असती तर? क्षय आज औषधांनी बरा होतो. तेव्हा तपासणीची लाज बाळगू नका. लहानपणीचे लसीचे कार्ड जपून ठेवा. लेक वसतिगृहातून महिनोन् महिने खोकत येत असेल, तर व्हिसाच्या आधी तिची थुंकी तपासा.

कार्पेंटरबाईंनी आनंदीबाईंना घरच्यासारखे जपले. त्यांच्या रक्षेलाही न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत जागा दिली. तुमच्या लेकीला तिथे असे एखादे घर मिळते का ते जाण्याआधी पाहा. गावचा, नात्याचा, महाविद्यालयाच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी निघतोच. त्याचा पत्ता आईच्या हाती असू द्या आणि आठवड्यातून एकदा तरी लेकीचा आवाज घरात येऊ द्या.