पूर्ण पाच सेकंद?

पासपोर्टाची मुदत संपत आली म्हणून कपाटातून तो बाहेर काढला. आत तीन शेंगेन व्हिसे: डेन्मार्क, स्पेन, नेदरलँड्स. तिन्ही एकाच जत्रेसाठी काढलेले. अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालतं ठेवणारं कुबरनेटीस आणि त्याच्या गोतावळ्यातलं सॉफ्टवेअर यांवर काम करणारे जिथे जमतात, ती कुबेकॉन.

२०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ही परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा पाचेकशे माणसं होती म्हणतात. मी मे २०१८ मध्ये कोपनहेगनच्या बेला सेंटरमध्ये पोचलो, तोवर आकडा चार हजारांवर गेला होता. कुबरनेटीस हा ग्रीक शब्द. अर्थ सुकाणू धरणारा, म्हणजे आपल्या कोकणातला तांडेलच. माझं तारू मात्र भरकटलेलं. पहिले दोन दिवस मी इंग्रजीच्या धास्तीने कुणाशी बोललो नाही. भाषणं ऐकली, स्टिकर आणि टी-शर्ट गोळा केले, आणि रात्री साडेआठलाही न मावळणाऱ्या सूर्याकडे बघत एकटा जेवलो.

आमच्या क्लस्टरला, म्हणजे कुबरनेटीसने एकत्र जुंपलेल्या सर्व्हरना, तेव्हा एक दुखणं होतं. एखादी रिक्वेस्ट मधेच अडकायची आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायची. पुण्यात आम्ही दोन महिने रिक्वेस्टा वाटून देणाऱ्या लोड बॅलन्सरला शिव्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी कॉफीच्या रांगेत पुढच्या माणसाने सहज विचारलं, तुमचं काय चाललंय? मी अडखळत गाऱ्हाणं मांडलं. त्याने भुवया उंचावल्या. ‘किती वेळ अडकते? पूर्ण पाच सेकंद?’

पूर्ण पाच सेकंद. कागदी रुमालावर त्याने चित्र काढून दाखवलं. सर्व्हरचं नाव शोधताना एकाच सॉकेटमधून दोन चौकश्या जवळपास एकदम सुटतात, एक आयपीव्ही४ साठी, एक आयपीव्ही६ साठी. लिनक्स कर्नेलच्या कॉनट्रॅकमध्ये, म्हणजे जोडण्यांच्या नोंदवहीत, दोघींची धक्काबुक्की होते आणि एखादं पॅकेट गळतं. मग विचारणारा पाच सेकंद वाट बघून पुन्हा विचारतो. लोड बॅलन्सर बिचारा निर्दोष होता!

तो रुमाल मी पुण्याला आणला. ऐकलेल्या भाषणांपैकी आज एकही धड आठवत नाही.

२०१९ ला बार्सिलोनात सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी हिग्ज बोसॉनच्या शोधाचं विश्लेषण सगळ्यांसमोर, व्यासपीठावरच पुन्हा चालवून दाखवलं. सुमारे ७० टेराबाइट डेटा काही मिनिटांत पिंजून निघाला. टाळ्या मीही वाजवल्या. पण या खेपेला खिशात प्रश्नांची यादी होती आणि ती घेऊन मी थेट मेंटेनर लोकांच्या, म्हणजे ते सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या, बूथवर गेलो. एका प्रश्नाचं उत्तर आलं, ‘आमचं डॉक्युमेंटेशन चुकलंय, तुम्हीच दुरुस्त करा ना.’ माझा पहिला पीआर, म्हणजे दुरुस्तीचा प्रस्ताव, दोन ओळींचा होता.

२०२० ची ॲमस्टरडॅमची परिषद कोविडमुळे आधी पुढे ढकलली आणि शेवटी ऑगस्टमध्ये पडद्यावर भरली. भाषणं सगळी होती, रांग नव्हती. भाषणं एरवीही यूट्यूबवर फुकट मिळतात. आपण एवढा खर्च कशासाठी करत होतो, ते त्या आठवड्यात घरी बसून कळलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमला प्रत्यक्ष गेलो, तेव्हा दहा हजारांवर गर्दी होती आणि तिकिटं संपलेली. बरोबर येणाऱ्या सहकाऱ्याचा व्हिसा परिषद आटोपल्यावर हातात पडला. त्याच्या प्रश्नांची यादी मीच घेऊन फिरलो. पण दुसऱ्याचे प्रश्न विचारताना पुढचा उपप्रश्न सुचत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये कुबेकॉन पहिल्यांदा भारतात आली, दिल्लीच्या यशोभूमीत. कॉफीच्या रांगेत मागून आवाज आला, ‘सर, मराठी का? एक विचारू?’ नाशिकचा मुलगा होता. त्याचे पॉड, म्हणजे क्लस्टरवर चालणारे सॉफ्टवेअरचे डबे, रात्री तीनच्या सुमारास आपोआप मरत होते.

‘रोज तीनलाच?’ मी विचारलं.

उत्तर मला येत नव्हतं. पण ते कुणाला येईल, हे माहीत होतं. कॉफी तशीच ठेवून मी त्याला मेंटेनर लोकांच्या बूथवर घेऊन गेलो.