डीजे कार्यक्रमाचे थेट ध्वनिमुद्रण

डीजे कार्यक्रमाचे थेट ध्वनिमुद्रण म्हणजे श्रोत्यांसमोर सलग वाजवले जाणारे संगीत आणि त्याच वेळी उमटणारा जमावाचा प्रतिसाद, ही दोन्ही एकत्र टिपण्याची प्रक्रिया होय. वाजवलेली गाणी अन्यत्रही ऐकायला मिळतात. टाळ्या, शिट्ट्या, घोषणा आणि सामूहिक गायन मात्र त्या प्रसंगापुरतेच असते. त्यामुळे अशा मुद्रणाचे दस्तऐवज म्हणून असलेले मूल्य बहुतांशी जमावाच्या आवाजावर अवलंबून असते.

संज्ञा

'डीजे' हे 'डिस्क जॉकी' या संज्ञेचे लघुरूप असून ते मुळात तबकड्या वाजवणाऱ्या व्यक्तीसाठी योजले जाते. मराठीत वाहनावर उभारलेल्या ध्वनिवर्धकांच्या संपूर्ण यंत्रणेलाही डीजेच म्हणतात. विदर्भात प्रचलित असलेला 'धुमाल' हा प्रकार याहून वेगळा आहे. त्यात वादक कीबोर्ड व तालवाद्ये प्रत्यक्ष वाजवतात.

दोन ध्वनिस्रोत

मिक्सरमधून तारेने थेट घेतलेला आवाज स्वच्छ असतो. परंतु त्यात श्रोते नसल्याने तो बंद खोलीत वाजवल्यासारखा भासतो. याउलट केवळ मोबाइलवर केलेल्या मुद्रणात ठोक्यांच्या दणक्याने आवाज फाटतो. मोबाइलमधील स्वयंचलित पातळी-नियंत्रणामुळे प्रत्येक ठोक्यासरशी जमावाचा आवाज दबतो आणि पुन्हा वर येतो. म्हणून दोन्ही स्रोत स्वतंत्र ट्रॅकवर मुद्रित करून नंतर एकत्र करणे श्रेयस्कर ठरते.

अनेक मिक्सरांवर मुद्रणासाठी निराळी जोडणी असते. मुख्य आवाज कमी-जास्त केला तरी तिच्यातील पातळी बदलत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाच्या वेळी पातळी कमाल मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील, अशी बेतावी. कारण मुद्रणातच फाटलेला आवाज नंतर पूर्ववत करता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रमाणात दोन ट्रॅकना ताशी सुमारे १ गिगाबाइट, तर चार ट्रॅकना सुमारे २ गिगाबाइट जागा लागते.

मायक्रोफोनची मांडणी

जमावासाठीचे मायक्रोफोन मंचाच्या दोन्ही कडांना, श्रोत्यांकडे तोंड करून व ध्वनिवर्धकांकडे पाठ करून लावतात. एकदिश मायक्रोफोन पाठीमागून येणारा आवाज कमी घेतो. ते डोक्यांच्या वर, उंच स्टँडवर असल्यास एखाद्याच व्यक्तीचे ओरडणे किंवा खासगी संभाषण ठळकपणे मुद्रित होत नाही. उघड्या मैदानात वारारोधक आवरण आवश्यक असते. जनरेटरवरील यंत्रणेत ५० हर्ट्झची घरघर शिरल्यास लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा किंवा तारेच्या मार्गात विलगक बसवावा.

कालमेळ आणि मिश्रण

तारेतून येणारा आवाज जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. हवेतून तो सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येतो. मायक्रोफोन ध्वनिवर्धकापासून ३० मीटरवर असल्यास हा उशीर सुमारे ८७ मिलिसेकंद होतो आणि प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. म्हणून जमावाचा ट्रॅक तेवढा मागे सरकवावा लागतो. दोन वेगळ्या यंत्रांवर मुद्रण केल्यास त्यांची घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत; त्यामुळे प्रारंभी व शेवटी खुणेची टाळी वाजवून ठेवतात.

मिश्रण करताना जमावाच्या ट्रॅकमधील सुमारे १५० हर्ट्झखालील खर्ज कमी करतात, म्हणजे ठोके गढूळ होत नाहीत. एरवी हा ट्रॅक मंद ठेवून जल्लोषाच्या व सामूहिक गायनाच्या वेळी वर आणतात.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांत गणेश विसर्जन, १४ एप्रिलची डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती आणि लग्नाच्या वराती हे अशा मुद्रणाचे नेहमीचे प्रसंग होत. मिरवणुकीत वाहन व जमाव दोन्ही पुढे सरकत असल्याने मांडणी स्थिर राहत नाही. अशा वेळी मिक्सरचा आवाज वाहनावरील यंत्रावर आणि जमावाचा आवाज पायी चालणाऱ्या व्यक्तीच्या हातातील यंत्रावर घेणे सोयीचे असते. या दोघांमधील अंतर सतत बदलते; म्हणून कालमेळ तुकड्यातुकड्याने साधावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे उपकरणे सावलीत ठेवावी लागतात.

कायदा व आरोग्य

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवण्यास मनाई आहे. राज्य शासन वर्षातील कमाल १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. मुद्रण चांगले व्हावे म्हणून आवाज वाढवण्याची गरज नसते. पातळी यंत्रावर हवी तशी ठरवता येते.

स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ मध्ये धार्मिक समारंभ व लग्नाच्या वरातीतील वादनास सवलत आहे. मात्र त्या सवलतीचा अर्थ मुद्रण प्रकाशित करण्याची परवानगी असा होत नाही. प्रकाशनासाठी हक्कधारकांची संमती घ्यावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीत कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली. तीव्र आवाजाने गेलेली श्रवणशक्ती सहसा परत येत नाही. मुद्रण करणारी व्यक्ती तासन् तास ध्वनिवर्धकांजवळ असते. म्हणून तिने कर्णरक्षक वापरणे आणि पातळी कानांनी न जोखता यंत्रावरील मापकावरून ठरवणे आवश्यक आहे.