आधी पत्ता, मग घर

स्टुटगार्टच्या इमारतींमध्ये फ्लॅटला सहसा नंबर नसतो. ‘बी विंग, ३०४’ असं सांगायची सोयच नाही. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक आणि माणसाचं आडनाव, एवढाच पत्ता. खाली दारापाशी बेलच्या बटणांची पट्टी असते आणि प्रत्येक बटणाशेजारी आडनावाची चिठ्ठी. तशीच चिठ्ठी टपालपेटीवर. पोस्टमन ती आडनावं वाचून पत्रं टाकतो. पेटीवर तुमचं नाव नसेल, तर पत्र आल्या वाटेने परत.

आमचं पहिलं महत्त्वाचं पत्र असंच परत गेलं. त्यात माझ्या नवऱ्याचा करक्रमांक होता. जर्मनीत पहिल्यांदा नावनोंदणी केली की हा अकरा आकडी क्रमांक टपालाने घरी येतो, आणि तो कंपनीला दिला नाही तर पगारातून चढ्या दराने कर कापला जाऊ शकतो. आम्ही तेव्हा सामानासकट भाड्याने घेतलेल्या एका तात्पुरत्या फ्लॅटमध्ये राहत होतो. पेटीवर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. आपलं नाव तिथे चिकटवायचं असतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आज हे सविस्तर लिहिते आहे.

मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. मोटारींच्या आणि सुट्या भागांच्या कारखान्यांमुळे पुण्याचंही इथे जाणंयेणं मोठं. निघताना प्रत्येक जण मसाले, थंडीचे कपडे, मुलांचे शाळेचे दाखले याद्या करून आणतो. घराचं मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणतो. पुण्यात ते चालतं. एजंटला फोन करायचा, शनिवार-रविवारी चार घरं बघायची, टोकन द्यायचं आणि अकरा महिन्यांचा करार करून मोकळं व्हायचं. इथे मात्र घर मिळायला सहा महिने लागलेली कुटुंबं मला माहीत आहेत. त्यांचे पगार कमी नव्हते. त्यांना इथली गाठ कुठून सोडवायची ते कळलं नव्हतं.

ती गाठ अशी. घर द्यायचं तर मालक शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागतो आणि ‘शूफा’चा दाखला मागतो. शूफा ही माणसाच्या पैशांच्या व्यवहाराची नोंद ठेवणारी खासगी संस्था, आपल्याकडच्या सिबिलसारखी. १९२७ साली बर्लिनमध्ये ती सुरू झाली. हप्त्यावर विजेची उपकरणं घेणाऱ्यांपैकी बिलं वेळेवर भरणारे कोण, हे वीज कंपनीला माहीत होतं, त्यातून ही कल्पना निघाली. नव्याने आलेल्या माणसाची शूफाकडे एक ओळही नसते. ती तयार व्हायची तर इथलं बँक खातं हवं, मोबाइलचा करार हवा. बऱ्याच बँका त्यासाठी राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा कागद मागतात. ही नोंदणी म्हणजे ‘आनमेल्डुंग’. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा कायदा आहे, आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याने सही करून दिलेलं पत्र लागतं. म्हणजे घरासाठी कागद आणि कागदासाठी घर.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातला सांगलीचा एक मुलगा आमच्या आधी चार वर्षं इथे आलेला. आम्ही दोन खोल्यांच्या जाहिराती बघत बसलो होतो. त्याने त्या बघितल्या आणि म्हणाला, “वहिनी, घर राहू दे. आधी पत्ता मिळवा.”

या विषयावर मला जे सांगायचं आहे ते सगळं या वाक्यात आहे. पहिली जागा स्वप्नातली नसू दे. दोन-तीन महिन्यांसाठी, सामानासकट, थोडी महागही चालेल. पण तिथे आनमेल्डुंग करता येईल का, हे पैसे भरायच्या आधी लेखी विचारून घ्या. बऱ्याच तात्पुरत्या जागा सगळं देतात, फक्त ते सहीचं पत्र देत नाहीत. मग राहायला छप्पर मिळतं, पण सरकारदरबारी तुम्ही कुठेच राहत नसता. आणि जागेत पाऊल ठेवल्या दिवशी टपालपेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी चिकटवा.

पत्ता झाला की खाती उघडतात, पगाराच्या स्लिपा जमतात आणि खरा शोध सुरू करता येतो. तेव्हा जाहिरात वाचायला शिकावं लागतं. ‘दोन त्सिमर’ म्हणजे आपला टू बीएचके नव्हे. त्सिमर म्हणजे खोली, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, बोळ यांची गणती त्यात होत नाही. म्हणून दोन त्सिमर म्हणजे एक बैठकीची खोली आणि एक झोपायची, आपल्या हिशेबाने वन बीएचके. मूल असेल तर तीन त्सिमरांपासून शोध सुरू करा. क्षेत्रफळाच्या बाबतीत मात्र मला इथली शिस्त फार आवडली. कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप हा घोळच नाही. इथल्या मोजणीच्या प्रचलित नियमात बाल्कनी साधारण एक चतुर्थांश धरतात. उतरत्या छपराखाली जिथे उंची दोन मीटरपेक्षा कमी तिथली जागा निम्मी, आणि एक मीटरच्या आतली मुळीच धरत नाहीत. माणसाला उभं राहता येत नाही ती जागा विकायची नाही, हा साधा न्याय त्यात आहे.

भाडं दोन प्रकारचं, थंड आणि गरम. ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसत्या जागेचं थंड भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची देखभाल आणि बहुधा हीटिंग असा वरखर्च मिळवला की ‘वार्ममीटे’, गरम भाडं. विजेचं आणि इंटरनेटचं बिल बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घराला महिना १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. वरखर्चाची दरमहाची रक्कम अंदाजाने घेतलेली असते आणि वर्षाचा हिशेब नंतर येतो. पहिल्या हिवाळ्यात हीटर पूर्ण ठेवून बसलेल्या कुटुंबाला पुढच्या वर्षी काही शे युरोंची चिठ्ठी येते, तेव्हा घाबरू नका, पण हिशेब नीट तपासा. वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत तो मालकाने दिलाच पाहिजे. उशीर झाला, तर सहसा जास्तीचे पैसे मागता येत नाहीत.

डिपॉझिटची कमाल मर्यादा कायद्याने ठरलेली आहे, तीन महिन्यांचं थंड भाडं. थंड भाडं १,००० युरो असेल तर डिपॉझिट ३,००० युरोंच्या वर नाही, आणि तेही तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुमचा हक्क आहे. एजंटचं कमिशन २०१५ पासून ज्याने एजंट नेमला त्याने द्यायचं, म्हणजे जवळजवळ नेहमी मालकाने. तरीही कुणी ‘फाइल पुढे सरकवायचे’ पैसे मागितले, तर उठून या.

घर बघायला जाणं याला ‘बेझिश्टिगुंग’ म्हणतात. आमची पहिली मला अजून जशीच्या तशी आठवते. स्टुटगार्ट वाटीसारख्या खोलगट दरीत वसलंय. उतारांवर द्राक्षमळे, आणि चढणींवर चारशेहून अधिक दगडी जिने. त्यातल्या एका जिन्याने धापा टाकत वर पोचलो, तर इमारतीच्या दाराबाहेर वीसेक माणसं रांगेत. प्रत्येकाच्या हातात पारदर्शक फोल्डर. आत पंधरा मिनिटं. बाकीचे भिंती बघत नव्हते, निघताना मालकिणीच्या हातात फोल्डर देत होते. त्यात पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, नोकरीचा करार, स्लिपा, शूफाचा दाखला, आधीच्या मालकाचं ‘भाडं थकलेलं नाही’ असं पत्र आणि कुटुंबाची ओळख करून देणारं पानभर जर्मन. आम्ही नुसत्या हातांनी गेलो होतो. त्या रात्री बसून फोल्डर केलं. नवीन आलेल्यांनी कंपनीकडून नोकरी कायमस्वरूपी असल्याचं पत्र मागून घ्यावं, स्लिपांची उणीव त्याने बरीच भरून निघते.

बघताना भिंतींचे कोपरे बघा, खास करून खिडकीखालचे आणि कपाटामागचे. काळपट ठिपके असले तर ती बुरशी. आपल्या कुकरच्या वाफेने आणि घरात वाळत घातलेल्या कपड्यांनी ती झपाट्याने वाढते, आणि दोष बहुधा भाडेकरूवर येतो. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, ही इथली रीत त्यासाठीच. इमारतीचा ऊर्जा-दाखलाही दाखवायला सांगा. ए-प्लस ते एच अशा श्रेणी असतात, आणि हिवाळ्याचं बिल त्यावरून कळतं.

शंभर अर्जांना दहा उत्तरं यावीत, हेही होतं. आम्हाला एका मालकाने फोनवर नाव ऐकून जागा गेली म्हणून सांगितलं, आणि ती जाहिरात पुढे आठवडाभर तशीच होती. मला तेव्हा फार लागलं. २०१७ साली बायरिशर रुंडफुंक आणि डेर श्पीगेल यांच्या पत्रकारांनी वेगवेगळ्या नावांनी सुमारे २० हजार चौकश्या पाठवून हेच तपासलं होतं, आणि अरबी व तुर्की नावांना सर्वांत कमी बोलावणी आली होती. भेदभावाविरुद्धचा कायदा २००६ पासून आहे, पण न आलेल्या उत्तराचा पुरावा कुठून आणायचा? म्हणून सांगते, नकार मनाला लावून शोध थांबवू नका. आणि घाईला येऊन फसू नका. भाडं फार कमी, फोटो देखणे, मालक परदेशात, पैसे भरा म्हणजे किल्ली कुरिअरने पाठवतो, अशी जाहिरात शंभर टक्के खोटी. स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने जागा बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

कुठे शोधावं? शहरातच हवं हा हट्ट आम्ही तिसऱ्या महिन्यात सोडला. एस-१ लोकल फायिंगेन, ब्यॉब्लिंगेन करत हेरेनबेर्गपर्यंत जाते, आणि त्या मार्गावर बाहेर जावं तसं भाडं उतरत जातं. लहान मूल असेल तर एक गोष्ट आधी बघा. इथे सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते, म्हणून घर निवडताना शाळाही निवडली जाते.

आणि स्वयंपाकघर! जाहिरातीत ‘आइनबाउक्युषे’ लिहिलेलं नसेल, तर ओटा, कपाटं, शेगडी, कधी कधी बेसिनसुद्धा नसतं. आम्हाला मिळालेल्या घरात त्या खोलीत दोन नळांची तोंडं आणि एक जाड वायर, बस्स. छतांना दिवे नव्हते, नुसत्या तारा लोंबत होत्या. मी त्या रिकाम्या खोलीत उभी राहून रडले. निघून जाणारा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकायला तयार असतो, त्याला आधीच विचारा. ते नवं घेण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. किल्ली घेताना मालकासोबत खोलीखोलीतून फिरून प्रत्येक ओरखडा, मीटरचं प्रत्येक वाचन कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. पुढे डिपॉझिट परत मिळणं त्या कागदावर अवलंबून असतं. घर सोडताना तीन महिन्यांची नोटीस, तीही सहीच्या कागदावर, ईमेलने चालत नाही.

राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात आमच्या दाराला एक लहानशी लाकडी पाटी लटकलेली दिसली, ‘केरवोखे’. या भागातली ही जुनी पद्धत. आठवड्याच्या पाळीने प्रत्येक घराने आपल्या मजल्याचा जिना झाडायचा-पुसायचा. शहराने तिचा नियम १९८८ साली काढून टाकला, पण भाडेकरारांत ती टिकली आहे. शनिवारी मी वरून खालपर्यंत जिना पुसत आले. शेवटच्या पायरीवर शेजारच्या आजी उभ्या होत्या. त्यांनी ओल्या पायऱ्या बघितल्या, मग बेलच्या पट्टीकडे वळून चष्मा लावला आणि आमचं आडनाव एकेक अक्षर सुटं करून मोठ्याने वाचलं. चुकलं. मी सावकाश म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा त्यांनी ते बरोबर म्हटलं.